दोन चौकोनांचा फॉर्म आणि मधला झटका

एका जंगलात, जिथे रस्ता एकच होता आणि खड्डे मात्र एकशे तेवीस होते, एक जीप होती.

आता लगेच हात वर करू नका. जंगलात जीप कुठून आली, हेच विचारायचंय ना? जंगलात राजा कुठून आला, प्रधान कुठून आला, हे तुम्ही कधी विचारलंत का? मग बिचाऱ्या जीपनेच तुमचं काय घोडं मारलंय? होती जीप. पर्यटक विसरून गेले, असं सगळे म्हणतात. पर्यटकांचं पुढे काय झालं, हे कोणी म्हणत नाही. आपणही म्हणायचं नाही. मांड्या घाला आणि ऐका.

जंगलाचा राजा वाघ होता. नाव पट्टेराव. प्रधान कोण होता, सांगा बघू? बरोबर, कोल्हा. गोष्टीतल्या प्रधानाच्या जागेसाठी कधी जाहिरात निघत नाही, तिथे कोल्ह्याचीच नेमणूक होते. या कोल्ह्याला सगळे हिकमतपंत म्हणायचे. आणि जीप चालवायचा हैबती नावाचा एक सांबर.

दर पंधरवड्याला महाराज प्रजेला दर्शन द्यायचे. जीपच्या मागच्या भागात उभं राहायचं, एक पंजा वर धरायचा आणि गुहेपासून पाणवठ्यापर्यंत जायचं. या दर्शनाचा वेग ठरलेला होता. प्रजेला महाराज नीट दिसावेत, पण महाराजांना प्रजा दिसू नये, इतकाच. हा वेग साधणं सोपं नव्हतं. हैबती पेडलवर खूर असा ठेवायचा, जणू पेडलखाली अंडं आहे. सात वर्षं त्याने तो खूर तसाच, त्याच जागी ठेवला होता. अंडं एकदाही फुटलं नाही.

मग एके दिवशी फुटलं.

जीप वानरांच्या वडाखालून चालली होती. महाराजांचा पंजा वर होता, चेहऱ्यावर कृपा होती. आणि जीपने एकदम झटका दिला. थबकली, पुन्हा उसळली, पुन्हा थबकली. महाराज पुढच्या सीटवरून हैबतीच्या शिंगांना ओलांडून थेट बॉनेटवर गेले. तोंडावर.

वडावर कोणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही, कारण लगेच शंभर तोंडं एकदम मिटली.

महाराज उठले. मिशीत अडकलेला वायपर काढला. म्हणाले, "हैबती, तुला पंधरा दिवस देतो. पुढच्या दर्शनाला झटका बसला, तर तू सेवेतून निवृत्त."

तुम्हाला वाटेल, निवृत्त तर निवृत्त, घरी बसून चरेल. पण त्या जंगलात निवृत्त सांबर सकाळी स्वयंपाकघरात जात असे आणि दुपारी ताटात. हैबतीला हे माहीत होतं. त्याच्या आधीचा ड्रायव्हरही सांबरच होता आणि त्याची शिंगं महाराजांच्या दारात टोप्या अडकवायला लावलेली होती. त्या दिवशी हैबतीने गवताला तोंड लावलं नाही.

हिकमतपंत मात्र तातडीने कामाला लागले. प्रधान लोक फार तातडीने कामाला लागतात, हे त्यांचं वैशिष्ट्य आहे.

आधी त्यांनी जीपला लिंबू-मिरच्या बांधल्या. झटका गेला नाही. मग चारही चाकं पुढची मागे आणि मागची पुढे केली. झटका होता तिथेच. मग पंतांना स्टिअरिंगच्या मागे एक छोटा पिवळा दिवा दिसला. त्यावर इंजिनाचं चित्र होतं.

"हा दिवा कधीपासून लागतोय?" पंतांनी विचारलं.

"झटके सुरू झाले तेव्हापासून," हैबती म्हणाला.

"मग दोष या दिव्यातच आहे," पंत म्हणाले. त्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दिवा दिसेनासा झाला. पंतांनी दरबारात कळवलं, की एक मोठा दोष दूर करण्यात आला आहे.

तरी झटका होताच. मग पंतांनी समिती नेमली. समितीत तीन जण होते. पंत, पंतांचे मेहुणे आणि पंतांचे साडू. समितीने जीपसोबत आलेलं पुस्तक उघडलं आणि त्यातल्या चित्रांवरून असं ठरवलं, की संशय थ्रॉटल सेन्सरवर आहे.

थ्रॉटल सेन्सर म्हणजे काय, ते सांगतो. मागच्या ओळीत कोण जांभया देतंय? तोंड मिट, माशी जाईल.

पेडल दाबलं की इंजिनात वारा घेणारी एक झडप उघडते. पाय जितका खाली, तितकी झडप जास्त उघडी. त्या झडपेच्या बाजूला आगपेटीएवढी एक काळी डबी असते. झडप किती उघडली, हे इंजिनाला सांगायचं एवढंच तिचं काम. तिचं ऐकून इंजिन किती पेट्रोल प्यायचं ते ठरवतं. डबी खरं बोलली तर गाडी सुखात चालते. दरबारात असं पद नसल्यामुळे समितीला ते समजायला थोडा वेळ लागला.

डबी तपासायची तर फॉर्म हवा. दरबारात तपासणीचा एकच फॉर्म होता. तो फार पूर्वी गुहेचं दार तपासायला छापला होता. त्यावर दोनच चौकोन होते. एक 'बंद', एक 'उघडं'. दाराला तेवढंच पुरतं. मध्ये कोणी थांबत नाही, निदान वाघाच्या दारात तरी नाही.

पंतांकडे आकडे दाखवणारं एक झकपक मीटर होतं. ते त्यांनी डबीला लावलं. हैबतीने खूर वर घेतला. आकडा आला अर्धा व्होल्ट. पुस्तकातही अर्धाच होता. 'बंद'च्या चौकोनात बरोबरची खूण. मग हैबतीने खूर तळाला टेकवला. आकडा आला साडेचार. पुस्तकातही साडेचार. 'उघडं'च्या चौकोनात बरोबरची खूण. मेहुण्यांनी सही केली, साडूंनी शिक्का मारला, आणि पंतांनी निकाल वाचला.

"सेन्सर निर्दोष आहे. सबब, दोष सांबराच्या खुरात आहे."

हैबतीकडे पाच दिवस उरले होते.

जंगलाच्या कडेला करवंदीच्या जाळीखाली गोदाक्का नावाच्या साळिंदरीचं गॅरेज होतं. बाहेर पाटी होती: 'येथे सर्व काही तपासून मिळेल.' गोदाक्काने गाडीचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून त्याने सकाळी काय खाल्लं ते ती सांगायची. तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक बोलायला लागलं की म्हणायची, "तू गप. गाडीला बोलू दे."

हैबती जीप घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, माझ्या खुरात दोष आहे का बघ."

"खुरात दोष आहे असं कोण म्हणालं?"

"प्रमाणपत्र आहे."

गोदाक्काने प्रमाणपत्र घेतलं, त्याने हाताचं ग्रीस पुसलं आणि म्हणाली, "किल्ली फिरव. इंजिन चालू करू नकोस. नुसतं जागं कर."

तिच्याकडे काट्याचं जुनं मीटर होतं. काच तडकलेली, पण काटा इमानी. डबीला तीन वायरी होत्या. तिने पाठीवरचा एक काटा उपटला, त्याने वायरीच्या मुळाशी असलेलं रबर अलगद बाजूला केलं आणि मागून बारीक टाचणी आत सरकवली. टाचणीला मीटर लावलं. वायर कापायची नाही, सोलायची नाही. गोदाक्काच्या हाताखाली गाडीला कधी जखम झाली नाही.

"आधी बघायचं, डबीला खायला मिळतंय का," ती म्हणाली. "या वायरीतून पाच व्होल्ट आत जातात. आले का? आले. उपाशी बैलाला नांगराचं विचारू नये. आता ही दुसरी, जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. ही पण ठीक. राहिली तिसरी. ही बोलते. आता खूर दाब. हळू."

हैबतीने दाबला.

"याला हळू म्हणतात? आणखी हळू. गोगलगाय लाजली पाहिजे."

हैबतीने श्वास रोखून खूर रेटला. काटा अर्ध्यावरून हलला. पाऊण झाला. एक झाला. सव्वा झाला. आणि धपकन शून्यावर पडला. खूर आणखी केसभर पुढे गेला, तसा काटा उडी मारून पावणेदोनवर आला आणि पुढे शहाण्यासारखा साडेचारपर्यंत चढत गेला.

"पुन्हा," गोदाक्का म्हणाली.

पुन्हा तिथेच पडला. तिसऱ्यांदाही तिथेच. तिने वायर हलवून पाहिली, वाकवून पाहिली, खेचून पाहिली. काटा ढिम्म. म्हणजे वायर शहाणी होती. तिने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डबीवर टकटक केली, आणि काटा थरथरला.

"सापडलं," ती म्हणाली. "हैबती, या डबीत एक काळी पट्टी असते, पाटीसारखी. तिच्यावरून एक बारीक पत्र्याचं बोट फिरतं. तू खूर हलवलास की ते बोट हलतं. तुझा खूर सात वर्षं कुठे होता?"

"इथेच. दर्शनाच्या जागी."

"मग बोटही तिथेच घासत राहिलं. पट्टी तेवढीच झिजली. बोट तिथे आलं की डबीची वाचा जाते. इंजिनाला वाटतं पाय काढला, ते पेट्रोल तोडतं. जरा पुढे गेलं की डबी पुन्हा बोलते, ते पेट्रोल सोडतं. तोच तुझा झटका. दोन्ही टोकांना तपासशील तर डबी धुतल्या तांदळासारखी. खोट आहे ती मध्ये."

"म्हणजे माझ्या खुरात काही नाही?"

"तुझा खूर इतका सरळ आहे, की एका रेषेवर सात वर्षं राहिला. त्याचंच तर हे झालं."

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांत त्याच्या खुराबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं. गोदाक्काने त्याला नाक पुसायला फडकं दिलं. फडक्याला ऑइल होतं, त्यामुळे तो घरी काळ्या तोंडाने गेला, पण आनंदात गेला.

नवी डबी शहरात मिळत होती. गोदाक्काने बगळ्याकडे निरोप दिला. बगळा शहरात जाऊन यायचा, पण वाटेत प्रत्येक तळ्यावर थांबायचा. दोन आठवडे तरी लागणार होते. दर्शन चार दिवसांवर आलं होतं. म्हणजे दरबारात जाऊन खरं काय ते सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मुलांनो, 'नेहमी खरे बोलावे' हे तुमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. कुठे बोलावे, ते लिहिलेलं नाही. गोदाक्काच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. गोदाक्काने टाचणी लावली, मीटर महाराजांच्या समोर धरलं आणि हैबतीला खूर दाबायला सांगितलं. काटा चढला, धपकन पडला, पुन्हा चढला. सगळ्या दरबाराने पाहिलं.

पंत पुढे झाले. त्यांनी आपलं आकड्यांचं मीटर लावलं आणि स्वतः पेडल धाडकन दाबलं. "बघा महाराज. अर्धा होता, साडेचार झाले. मध्ये काहीही दिसलं नाही."

"दाराला लाथ मारल्यासारखं दाबलंत, मग दिसेल कसं?" गोदाक्का म्हणाली. "आणि तुमच्या मीटरवर एक आकडा बदलेपर्यंत माझा काटा पडून उठून बसतो. हळू दाबा, पंत."

"प्रधानांनी हळू काही करायचं नसतं," पंत म्हणाले.

पट्टेराव मिशीवरून पंजा फिरवत होते. काटा पडताना त्यांनी पाहिला होता. वाघ मूर्ख नव्हता, नुसता राजा होता.

"साळिंदर," ते म्हणाले, "मध्ये झिजलंय म्हणतेस. झिजवलं कोणी?"

हैबतीने डोळे मिटले. दरबारात सगळ्यांना उत्तर कळलं होतं आणि सगळे ते कळलं नाही असं दाखवत होते. टिटवीने तर पंखात डोकं घातलं.

"तुमच्या मिरवणुकीनं," गोदाक्का म्हणाली. "सात वर्षं एकाच वेगानं गाडी चालवली की दुसरं काय होणार?"

महाराजांचं शेपूट एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे गेलं. वाघाचं शेपूट असं हललं की काय समजायचं, ते सांबराला जन्मतः कळतं.

पण पंत मध्ये पडले. कोल्ह्याला नाही नाही ते बोललो मी, पण श्रेय द्यायला हवं. त्या क्षणी हैबतीचा जीव वाचवला तो पंतांनीच.

"महाराज," पंत म्हणाले, "ही म्हणते मध्ये खोट आहे. मी म्हणतो, मध्ये असं काही नसतंच. आपल्या फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. बंद आणि उघडं. मधला चौकोन कुठे आहे? नाही. मग मधली खोट कुठून येणार? आजपासून कायदा करावा. जीप एकतर उभी राहील, नाहीतर पूर्ण वेगाने धावेल. मधल्या वेगाला बंदी. झटका आपोआप नाहीसा होईल."

महाराजांनी विचार केला. यात त्यांच्या मिरवणुकीची चूक कुठेच येत नव्हती. त्यामुळे त्यांना ते पटलं.

"आणि हे काट्याचं यंत्र?"

"जे नाही ते दाखवतं, महाराज. जप्त करावं लागेल."

"हैबती," महाराजांनी विचारलं, "तुला कधी मधलं काही जाणवलं?"

हैबतीने गोदाक्काकडे पाहिलं. मग महाराजांच्या दातांकडे पाहिलं. "नाही, महाराज," तो म्हणाला.

त्याला नावं ठेवू नका. खरं बोलायला अंगावर काटे लागतात. हैबतीच्या अंगावर नुसतं मांस होतं.

दर्शनाचा दिवस उजाडला. महाराज उभे राहिले, पंजा वर धरला. हैबतीने कायद्याप्रमाणे खूर एकदम तळाला टेकवला.

झटका अजिबात बसला नाही, हे मान्य केलं पाहिजे. जीप सुटली ती सुसाट. एकशे तेवीस खड्ड्यांपैकी पहिले नव्वद महाराजांनी उभ्याने पार केले, पुढचे वीस बसून आणि उरलेले सीटला मिठी मारून. प्रजेला एक पिवळी-काळी रेघ दिसली. ससे म्हणाले, "महाराज किती कामात असतात." वानरांना हसायला वेळच मिळाला नाही.

पाणवठ्याशी कायद्याचा दुसरा चौकोन आला. हैबतीने ब्रेक दाबला. जीप थांबली. महाराज थांबले नाहीत. ते पाणवठ्याच्या मधोमध जाऊन पडले.

पंत काठावर गेले, घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाले, "महाराजांच्या शुभहस्ते, शुभपायांनी आणि शुभपोटाने जलपूजन संपन्न झालं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण गुहेत परत गेल्यावर महाराजांनी कानातून खेकडा काढला आणि थंड आवाजात सांगितलं, "पंत, पुढच्या वेळी माझा जुना वेग पाहिजे. आणि झटका नको. नाहीतर सांबर निवृत्त."

"होईल, महाराज," पंत म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी हैबतीच्या पाठीवर पंजा ठेवला. "सेन्सर निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र मी देऊनच ठेवलंय. आता बाकी सगळं तुझ्या खुरावर."

म्हणजे बघा, पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा तीच डबी, पुन्हा तेच ताट. हैबती गोदाक्काकडे गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

गोदाक्काच आली. दर्शनाला एक दिवस उरला असताना बगळा आला आणि नवी डबी तिच्या पुढ्यात टाकून मासे पकडायला निघून गेला. ती डबी घेऊन गोदाक्का भर दुपारी दरबाराकडे निघाली. दुपारी जेवणानंतर सगळा दरबार झोपायचा. महाराज गुहेत घोरत होते. पंत बाहेर ओट्यावर आडवे झाले होते आणि जप्त केलेलं काट्याचं मीटर त्यांनी उशाला घेतलं होतं. जीप समोर मोहाच्या झाडाखाली उभी होती आणि तिच्याशेजारी हैबती नुसता बसून होता.

"अक्का," तो कुजबुजला, "जा तू. नवीन डबी बसवताना दिसलीस तर जुनी खराब होती असा अर्थ होईल. पंतांचं प्रमाणपत्र खोटं ठरेल. तुला सोडणार नाहीत."

"तू गप," गोदाक्का म्हणाली. "गाडीला बोलू दे."

दोन स्क्रू आणि एक खटका. जुनी डबी निघाली, नवी बसली. इंजिनाने जुनं विसरावं म्हणून तिने बॅटरीची वायर काढून थोड्या वेळाने पुन्हा लावली. सगळं काम तुमची मधली सुट्टी संपायच्या आत झालं. हैबती म्हणाला, "झालं ना? चल आता."

"मोजलं कुठे अजून?"

"मीटर पंतांच्या डोक्याखाली आहे."

"मग? न मोजता बसवून गेले तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?"

आता हैबतीला कळलं की काही लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याने हँडब्रेक सोडला, शिंगं जीपच्या पाठीला लावली आणि ती ढकलत ढकलत ओट्यापर्यंत आणली. एक सुकलं पान चाकाखाली चुरचुरलं. पंतांचा कान हलला. दोघंही श्वास धरून उभी राहिली. पंतांनी कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागले.

मीटरच्या दोन वायरी पंतांच्या मानेखालून बाहेर लोंबत होत्या. गोदाक्काने त्या हळूच ओढून टाचणीला लावल्या. मीटरची तडकलेली काच पंतांच्या नाकापासून चार बोटांवर होती. हैबतीने किल्ली फिरवली, इंजिन नुसतं जागं केलं आणि गोगलगाय लाजेल असा खूर दाबायला सुरुवात केली.

काटा हलला. अर्धा. पाऊण. एक. सव्वा. हैबतीच्या कपाळावर घाम आला. दीड. काटा पडला नाही. पावणेदोन, दोन, तीन, असा तो संथ चढत गेला आणि पंतांच्या मिशीच्या टोकाशी साडेचारवर जाऊन थांबला. खूर वर घेतला तसा तितकाच संथ उतरला.

"निर्दोष," पंत झोपेत पुटपुटले. "निर्दोष."

"आता खरं बोललात," गोदाक्का हळूच म्हणाली आणि वायरी काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दर्शन झालं. जुन्या वेगाने. जीप लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली. वानरांचा वड आला आणि गेला. महाराजांचा पंजा वर तो वरच राहिला. प्रजेला महाराज दिसले, महाराजांना प्रजा दिसली नाही. सगळं पूर्वीसारखं छान झालं. हैबतीने त्या रात्री तीन भारे गवत खाल्लं.

मग दरबार भरला. पंतांनी उभं राहून सांगितलं, "सेन्सर निर्दोष असल्याचं मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. आज ते जगाने पाहिलं." मग त्यांनी सगळ्यांसमोर स्टिअरिंगमागची काळी चिकटपट्टी काढली. खालचा पिवळा दिवा विझलेला होता. "आणि या दिव्यावर मी केलेला उपचारही लागू पडला आहे," पंत म्हणाले.

दरबाराने टाळ्या वाजवल्या. महाराजांनी पंतांना 'निर्दोषभूषण' अशी पदवी दिली. चिकटपट्टी काचेच्या पेटीत ठेवण्यात आली. मेहुण्यांना आणि साडूंना शाली मिळाल्या.

गोदाक्काला मात्र बोलावणं आलं. चालू गाडीवर खोटा आळ घेतला, महाराजांच्या मिरवणुकीची बदनामी केली आणि नसलेली मधली जागा दाखवून प्रजेत घबराट पसरवली, असे तीन आरोप होते. महाराज खुशीत होते म्हणून शिक्षा हलकी झाली. तिने आपल्या गॅरेजची पाटी बदलायची.

गोदाक्का काही बोलली नाही. तिला बोलता आलं असतं. जुनी डबी तिच्या पिशवीतच होती. पण ती डबी बाहेर काढली असती, तर आधी विचारलं गेलं असतं की नवी कोणी लावू दिली, आणि हैबती दाराजवळच उभा होता, टोप्या अडकवायच्या शिंगांच्या अगदी खाली.

संध्याकाळी हैबती करवंदीच्या जाळीशी आला. गोदाक्का नवी पाटी ठोकत होती. तो म्हणाला, "अक्का, त्या दिवशी दरबारात मी खोटं बोललो."

"बोललास."

"आणि तू पंतांचं खोटं खरं करून दिलंस. तुझ्या पदरात काय पडलं?"

"तू दिसतोयस ना समोर. उभा. चार पायांवर." तिने खिळ्यावर शेवटचा ठोका मारला. "एक ऐक. अधूनमधून खूर जरा पुढे-मागे ठेवत जा. नाहीतर ही डबीही सात वर्षांनी तिथेच झिजेल."

"महाराजांच्या लक्षात आलं तर?"

"कसं येईल? मधलं काही नसतंच."

हैबती हसला. खूप दिवसांनी हसला. मग त्याने मान वर करून पाटी वाचली. तिच्यावर दरबाराच्या हुकमाप्रमाणे लिहिलं होतं: 'येथे फक्त दोन्ही टोकं तपासून मिळतील.' आणि खाली, करवंदीच्या पानांआड, बारीक अक्षरात: 'बाकीचं दुपारी या.'

तात्पर्य: मुलांनो, प्रमाणपत्र नेहमी आधी द्यावं आणि जेवून निवांत झोपावं. ते खरं करून ठेवायला कोणीतरी भर दुपारी उन्हात राबत असतंच. उठल्यावर फक्त त्याची पाटी बदलायला विसरू नये.